डेट्रॉइटचा ऑगस्ट

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलच्या वर्षात ऑगस्ट हा एकच महिना असा येतो की ज्यात नॅशनल फुटबॉल लीगमधल्या ३२ पैकी एकाही संघाच्या नावावर पराभव नोंदलेला नसतो, आणि त्यामुळे सगळ्याच शहरांतले चाहते यंदा आपलाच संघ काहीतरी करून दाखवणार या खात्रीने दिवस मोजत असतात. सप्टेंबरमध्ये सामने सुरू झाले की ही खात्री विरू लागते, नाताळ सरेपर्यंत निम्म्याहून अधिक शहरांचा हिरमोड झालेला असतो, आणि तरीही पुढच्या ऑगस्टमध्ये तीच मंडळी तितक्याच उमेदीने जयपराजयाचे हिशेब मांडायला बसतात. बाहेरच्या माणसाला यात निव्वळ भाबडेपणा दिसतो. प्रत्यक्षात ही आशा चाहत्यांच्या स्वभावातून जितकी उपजते, तितकीच ती लीगच्या रचनेतूनही येते, कारण ती दरवर्षी नव्याने उगवावी अशी व्यवस्था लीगने गेल्या ९० वर्षांत बांधून काढली आहे. चाहत्याची गफलत आशा बाळगण्यात फारशी होत नाही. त्या आशेचा पुरावा म्हणून तो ज्या गोष्टी पुढे करतो, त्यांत होते. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराचा लायन्स हा संघ या दोन्ही बाबी समजून घ्यायला फार सोयीचा आहे, कारण हंगामापूर्वीच्या फसव्या आशेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्याने घालून दिले आणि पुढे खऱ्या ठरलेल्या आशेचेही.

ज्यांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबुळका चेंडू बहुतांशी हातानेच खेळला जातो, दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात, आणि आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते, ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो पळायला द्यायचा की फेकायचा हे ज्याच्यावर अवलंबून असते त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि संघाचे नशीब या एका जागेवर जितके टांगलेले असते तितके सांघिक खेळांत क्वचितच एखाद्या जागेवर असेल. लीगमधले ३२ संघ दोन कॉन्फरन्समध्ये आणि प्रत्येक कॉन्फरन्स चार-चार संघांच्या चार डिव्हिजनमध्ये विभागलेली असते. २०२१ पासून प्रत्येक संघ १७ सामने खेळतो, त्यांतून १४ संघ प्लेऑफ नावाच्या बाद फेरीत जातात, आणि शेवटचा सामना म्हणजे सुपर बोल. हंगाम अवघ्या १७ सामन्यांचा असल्यामुळे एकेका पराभवाला भलतेच वजन येते. बेसबॉलचा चाहता १६२ सामन्यांत दहा-बारा चुका पचवू शकतो, फुटबॉलच्या चाहत्याला ती चैन परवडत नाही.

लायन्स हा जुना संघ आहे. ओहायोतल्या पोर्ट्समथ गावातून तो १९३४ मध्ये डेट्रॉइटला आला, १९३५ मध्ये अजिंक्य ठरला, आणि १९५०च्या दशकात तर त्याने १९५२, १९५३ आणि १९५७ अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. १९५७ चा अंतिम सामना त्याने क्लीव्हलँड ब्राउन्सविरुद्ध ५९–१४ असा जिंकला. त्यानंतर जे घडले ते आकड्यांतच सांगितलेले बरे: १९५८ पासून २०२२ च्या हंगामापर्यंत, म्हणजे ६५ हंगामांत, या संघाने प्लेऑफमधला फक्त एक सामना जिंकला, जानेवारी १९९२ मध्ये डॅलस काउबॉइजविरुद्ध. सुपर बोलला तर तो आजवर पोहोचलेलाच नाही. त्यात भर म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या, अर्थात नोव्हेंबरातल्या कृतज्ञतेच्या सणाच्या दिवशी सामना भरवण्याचा मान १९३४ पासून डेट्रॉइटकडे आहे, त्यामुळे या शहराची फजिती दरवर्षी सगळा देश जेवणाच्या टेबलाशी बसून पाहत आला.

इतका दीर्घ दुष्काळ पडला की लोक कारणे शोधू लागतात, आणि खरी कारणे कंटाळवाणी असली की शापाची गोष्ट तयार होते. पन्नासच्या दशकातला नामांकित क्वार्टरबॅक बॉबी लेन याला संघाने १९५८ मध्ये पिट्सबर्गला देऊन टाकले, तेव्हा हा संघ पुढची ५० वर्षे जिंकणार नाही असे तो म्हणाला, अशी दंतकथा डेट्रॉइटमध्ये घरोघरी सांगितली जाते. तो तसे काही बोलल्याचा समकालीन पुरावा नाही, पण १९५८ नंतर बरोबर ५० वर्षांनी २००८ साल आले, आणि त्या वर्षी जे झाले त्याने दंतकथेला असे काही खतपाणी घातले की आता ती खोडून काढण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

२००८ च्या ऑगस्टमध्ये लायन्स चार सामने खेळले आणि चारही जिंकले. हे प्रीसीझनचे, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीचे सराव सामने होते. ते भरतात खऱ्याखुऱ्या मैदानावर, खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी, तिकिटे लावून आणि दूरचित्रवाणीवरच्या पूर्ण सरंजामासह. पण त्यांचा निकाल गुणतक्त्यात धरला जात नाही. वर्षभराचे तिकीट घेणाऱ्याला या सामन्यांचेही पैसे बहुधा मोजावे लागतात, ही चाहत्यांची जुनी तक्रार आहे. त्या वर्षी चार विजय पाहून डेट्रॉइटकरांनी मनातल्या मनात मांडे खायला सुरुवात केली, आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत संघ खऱ्या हंगामातले सोळाच्या सोळा सामने हरला. १६ सामन्यांच्या हंगामात एकही न जिंकणारा तो लीगच्या इतिहासातला पहिला संघ ठरला. १२ ऑक्टोबरला मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की आपल्याच गोलपट्ट्यात उभा राहून चेंडू फेकायला जागा शोधत होता. अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चुकवत तो बाजूला धावत राहिला आणि धावता धावता आपण मागची सीमारेषा ओलांडून मैदानाबाहेर पळतो आहोत हे त्याच्या ध्यानातच आले नाही. असे झाल्यास समोरच्या संघाला दोन गुण मिळतात, त्याला सेफ्टी म्हणतात. लायन्स तो सामना १२–१० असा हरले, म्हणजे नेमके तेवढ्याच दोन गुणांनी.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सनीही प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि मग हंगामातले सगळे १६ गमावले. १६ सामन्यांच्या काळात पूर्ण हंगाम विजयाविना काढणारे संघ दोनच, आणि दोघेही ऑगस्टमध्ये अपराजित. उलट बाजूने बाल्टिमोर रेव्हन्सचे उदाहरण घेता येईल. त्यांनी २०१५ ते २०२३ या काळात ओळीने २४ प्रीसीझन सामने जिंकून विक्रम केला, पण त्या अवधीत त्यांना एकदाही सुपर बोल गाठता आला नाही, आणि २०२१ मध्ये तर ऑगस्टमधले तिन्ही सामने जिंकूनही ते प्लेऑफच्या बाहेर राहिले. २०२० मध्ये महामारीमुळे प्रीसीझन सामने मुळीच झाले नाहीत. हंगाम मात्र वेळेवर सुरू झाला आणि सुपर बोलसह पारही पडला.

या सामन्यांतून फारसे काही का कळत नाही, याचे कारण त्यांच्या उद्देशातच आहे. प्रशिक्षण शिबिरात प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात आणि ऑगस्ट संपता संपता त्यांतून ५३ निवडावे लागतात. साऱ्या लीगचा विचार केला तर एकाच दिवसात जवळजवळ बाराशे तरुणांच्या हाती नारळ दिला जातो. त्यांतल्या काहींना सरावापुरत्या ठेवलेल्या राखीव गटात जागा मिळते, बाकीच्यांना दुसरा उद्योग पाहावा लागतो. प्रीसीझन सामना म्हणजे या उमेदवारांची चाचणी होय. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक त्यात दहा-पंधरा मिनिटे खेळतो किंवा टोपी-टी-शर्ट घालून बाजूलाच उभा राहतो, कारण निकाल न धरल्या जाणाऱ्या सामन्यात त्याचा गुडघा दुखावला तर वर्ष वाया जाते. प्रशिक्षकही आपल्या खऱ्या चाली झाकून ठेवतात. त्यामुळे चौथ्या सत्रात ज्या गुणांनी सामना जिंकला जातो ते गुण पुष्कळदा अशा मुलांनी मिळवलेले असतात, की ज्यांच्यापैकी बहुतेकांची नावे सप्टेंबरच्या यादीत नसतात. मुख्य खेळाडूंची खरी कसोटी लागते ती दोन संघ मिळून जो एकत्रित सराव करतात त्यात, पण तिथे ना गुणफलक असतो ना समालोचक, म्हणून चाहत्याच्या हाती त्यातले फार थोडे लागते.

आता प्रश्न असा की इतके दाखले समोर असताना आशा पुन्हा पुन्हा का उगवते. उत्तराचा एक मोठा भाग लीगच्या इतिहासात आहे. १९३०च्या दशकात न्यूयॉर्क, शिकागो आणि ग्रीन बे यांसारखे मोजके संघ सगळे चांगले खेळाडू पैशाच्या किंवा नावाच्या जोरावर ओढून घेत आणि बाकीचे संघ कर्जात बुडत. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ अशा बुडणाऱ्यांपैकीच एक होता. त्यांनी तोडगा सुचवला तो असा, की महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडावेत आणि गेल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळावी. १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिली निवड झाली. तिला ड्राफ्ट म्हणतात. गंमत अशी की त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर या लीगमध्ये कधी खेळलाच नाही. आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर ठेवला तर फरक चटकन कळतो: तिथे कोणताही संघ कोणत्याही खेळाडूवर बोली लावू शकतो, इथे बोली नाही, फक्त क्रम आहे, आणि तो क्रम अपयशाच्या बाजूने लावलेला आहे. जो सर्वांत जास्त हरला त्याच्या पदरात एप्रिलमध्ये देशातला सर्वोत्तम मानला जाणारा तरुण पडतो, आणि मग मे ते ऑगस्ट हे चार महिने त्या तरुणाच्या भरवशावर काढता येतात.

ड्राफ्टच्या जोडीला पैशाची वाटणी आली. १९६१ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याची आणि मिळकत सारखी वाटण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यासाठी अमेरिकेच्या संसदेकडून स्वतंत्र कायदाही करून घेतला. २०२३ पासून लागू झालेले ११ वर्षांचे करार सुमारे ११० अब्ज डॉलरचे आहेत, आणि त्यातला न्यूयॉर्कचा वाटा जेवढा, तेवढाच लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावाचा. १९९४ मध्ये सॅलरी कॅप आली, म्हणजे संघाने सर्व खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. मालक कितीही गडगंज असला तरी त्याला या भिंतीपलीकडे फार जाता येत नाही, त्यामुळे यशस्वी संघाचे खेळाडू महाग झाले की त्यांतले काही सोडावेच लागतात आणि ते इतरांच्या वाट्याला येतात. सामन्यांचे वेळापत्रकही याच हेतूला थोडा हातभार लावते: १७ पैकी १४ सामने ठरलेल्या फेऱ्यांनुसार असतात, पण उरलेले तीन गेल्या वर्षी आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी होतात, म्हणून तळाच्याला तळाचे भेटतात.

या सगळ्याचा परिणाम खरोखरच दिसतो. १९९० पासून असे एकही वर्ष गेलेले नाही की ज्यात आदल्या वर्षी प्लेऑफबाहेर असलेले किमान चार संघ आत आले नाहीत. ह्यूस्टन टेक्सन्सनी २०२२ मध्ये फक्त तीन सामने जिंकले होते. पुढच्या ड्राफ्टमध्ये सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक मिळाला आणि २०२३ मध्ये त्यांनी दहा जिंकून डिव्हिजन पटकावली. म्हणून तळाच्या संघाचा चाहता ऑगस्टमध्ये ‘कोण जाणे, यंदा आपणही’ असे म्हणतो तेव्हा तो लीगच्या इतिहासाला धरूनच बोलत असतो.

मात्र दार उघडे असणे आणि त्यातून आत शिरता येणे यांत अंतर आहे, आणि ते डेट्रॉइटइतके कुणाला ठाऊक नसेल. २००१ ते २००८ या काळात संघाचा कारभार मॅट मिलन यांच्याकडे होता. ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत त्यांनी २००३, २००४ आणि २००५ अशी लागोपाठ तीन वर्षे वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबवर धावत जाऊन चेंडू झेलणारे खेळाडू निवडले, आणि २००७ मध्ये पुन्हा चौथा निवडला. चौथा केल्विन जॉन्सन असामान्य निघाला, पण चेंडू फेकणारा आणि फेकणाऱ्याचे रक्षण करणारे धड नसताना झेलणाऱ्यांची रांग लावून काय साधणार होते, हे कोडे प्रेक्षकांना तेव्हाही सुटले नाही. मिलन यांच्या पहिल्या सात हंगामांत संघाने ३१ सामने जिंकले आणि ८१ गमावले. त्याआधी डेट्रॉइटला बॅरी सँडर्स लाभला होता, चेंडू घेऊन धावणाऱ्यांतला एक सार्वकालिक श्रेष्ठ खेळाडू. त्याने १९९९ च्या जुलैमध्ये, शिबिर सुरू होण्याच्या तोंडावर, आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. धावण्यातल्या सर्वकालीन विक्रमापासून तो फक्त १,४५७ यार्ड दूर होता, म्हणजे त्याच्यासारख्यासाठी एका हंगामाच्या अंतरावर. त्या वर्षी शहराची आशा ऑगस्टपर्यंतसुद्धा टिकली नाही.

ड्राफ्टवरचा अतिविश्वास हा एकट्या चाहत्यांचा दोष नाही. केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता अवघी ५२ टक्के असते, म्हणजे नाणेफेकीहून किंचित बरी, आणि तरीही वरचा क्रमांक मिळावा म्हणून व्यवस्थापक भरमसाट किंमत मोजतात. याच मॅसींनी जोसेफ सिमन्स आणि डेव्हिड आर्मर यांच्यासह २०११ मध्ये चाहत्यांविषयीही एक अभ्यास मांडला. फुटबॉलच्या चाहत्यांना हंगामभर दर आठवड्याला सामन्यांचे अंदाज करायला सांगितले गेले. प्रत्येक जण आपल्या आवडत्या संघाला झुकते माप देत होता हे अपेक्षितच होते, पण आठवड्यामागून आठवडे निकाल समोर येत गेले तरी ते माप सरळ झाले नाही, हा त्यातला खरा निष्कर्ष. अनुभवाने माणूस शिकतो हे वाक्य निदान रविवारच्या दुपारी लागू पडत नाही असे म्हणावे लागते.

आशेला आधार शोधायचाच असेल तर तो कुठे शोधावा, हे २०२२ च्या डेट्रॉइटकडे पाहिल्यावर कळते. त्याआधीच्या वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, डॅन कॅम्बेल नावाचा माजी खेळाडू मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत त्याने, आमच्या संघाला कुणी खाली पाडले तर उठता उठता आम्ही त्याच्या गुडघ्याचा लचका तोडू, अशा अर्थाचे काहीतरी सांगितल्यामुळे देशभर त्याची टिंगल झाली. त्याच सुमारास १२ वर्षे संघाचा भार वाहणारा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला, आणि बदल्यात जॅरेड गॉफ हा रॅम्सना नकोसा झालेला क्वार्टरबॅक आणि ड्राफ्टमधल्या मौल्यवान पाळ्या मिळाल्या. स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी रॅम्सना सुपर बोल जिंकून दिला. इकडे लायन्सना २०२१ चा पहिला विजय डिसेंबरमध्ये मिळाला, तोही शेवटच्या क्षणी; हंगाम संपला तेव्हा तीन विजय, १३ पराभव आणि एक बरोबरी असा हिशेब होता. पण तो बारकाईने पाहणाऱ्याला दिसत होते की यांतले बरेच पराभव थोडक्यातले होते. सप्टेंबरमध्ये बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने ६६ यार्डांवरून मारलेला, त्या वेळी विक्रमी ठरलेला किक गोलाच्या आडव्या दांडीवर आपटून पलीकडे पडला, आणि लायन्स १९–१७ असे हरले.

२०२२ ची सुरुवातही एक विजय आणि सहा पराभवांनी झाली, तेव्हा ‘तेच ते लायन्स’ हा शहराचा ठेवणीतला उद्गार पुन्हा ऐकू येऊ लागला. त्यानंतरच्या दहा सामन्यांपैकी त्यांनी आठ जिंकले. ८ जानेवारी २०२३ च्या रात्री ते ग्रीन बेच्या मैदानावर उतरले, त्याच्या थोडेच आधी दुसऱ्या एका निकालामुळे त्यांचे प्लेऑफचे दार बंद झाले होते. जिंकून स्वतःला काहीच मिळणार नव्हते, ग्रीन बेला मात्र जिंकले तर पुढे जाता आले असते. लायन्सनी तो सामना २०–१६ असा जिंकला. हंगामाचा शेवट नऊ विजय आणि आठ पराभवांवर झाला. त्याच डिव्हिजनमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जनी १३ सामने जिंकून पहिला क्रमांक मिळवला होता, पण त्यांतले ११ विजय आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे होते आणि वर्षभरात त्यांनी मिळवलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण तीनने जास्त होते. लायन्सनी मिळवलेले गुण दिलेल्या गुणांहून २६ने अधिक. थोडक्यातले विजय पुढच्या वर्षी तसेच पदरात पडतील याचा नेम नसतो, वर्षभरातला गुणांचा फरक कोणाच्या बाजूने कलतो आहे हे अधिक भरवशाचे असते. २०२३ मध्ये व्हायकिंग्ज सात विजयांवर घसरले आणि लायन्स १२ विजयांसह ३० वर्षांत प्रथमच डिव्हिजनचे विजेते झाले.

याहून महत्त्वाचा आधार संघाच्या घडणीत होता. चौथ्या फेरीत ११२वा निवडला गेलेला अमॉन-रा सेंट ब्राउन आपल्या आधी निवडल्या गेलेल्या १६ रिसीव्हरांची नावे मुखोद्गत म्हणून दाखवतो, आणि त्या सोळांपैकी थोडेच आज त्याच्या जवळपास आहेत. आक्रमक फळीतला धिप्पाड पेने सूएल, मिशिगनमध्येच वाढलेला एडन हचिन्सन आणि २०२३ मध्ये निवडलेले चौघे हे सगळे सुरुवातीच्या स्वस्त करारावर होते. २०११ पासून नवोदितांच्या पगाराला बांधीव कोष्टक आहे. त्यामुळे चांगला निघालेला तरुण चार-पाच वर्षे बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी दरात खेळतो आणि तेवढी वर्षे संघाला हात सैल सोडता येतो. हेच ते दालन, ज्यात शिरून संघ जिंकतात, आणि ते आपोआप बंदही होते: २०२४ मध्ये गॉफला चार वर्षांसाठी २१ कोटी २० लाख, सेंट ब्राउनला १२ कोटींहून अधिक आणि सूएलला ११ कोटी २० लाख डॉलरचे करार द्यावे लागले.

१४ जानेवारी २०२४ रोजी डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर लायन्सनी रॅम्सचा २४–२३ असा पराभव केला, आणि समोर क्वार्टरबॅक होता तोच स्टॅफर्ड. ३२ वर्षांनी मिळालेला प्लेऑफमधला विजय आपल्याच जुन्या नायकावर मिळवावा लागला, हे कादंबरीत लिहिले असते तर कुणी खपवून घेतले नसते. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४–७ अशी आघाडी असताना ते ३४–३१ असे हरले आणि सुपर बोल हुकला. ट्रॉय, नोव्हाय अशा डेट्रॉइटच्या उपनगरांत वाहन उद्योगाच्या निमित्ताने जाऊन राहिलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि तिथेच वाढलेल्या त्यांच्या मुलांना निळ्या-चंदेरी जर्सीची निष्ठा शाळेतूनच मिळते. क्रिकेटवर पोसलेल्या आईवडिलांनाही त्या जानेवारीत चौथ्या प्रयत्नाला किक मारायचा की खेळायचे, या वादात मत देण्यापासून स्वतःला आवरता आले नसेल.

यानंतरच्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या आशेचा पोत बदललेला होता. ज्या संघाकडून काहीच अपेक्षा नसते त्याच्या चाहत्याला ऑगस्ट गोड लागतो. ज्याच्याकडून सुपर बोलची अपेक्षा असते त्याचा चाहता प्रत्येक सरावाच्या बातमीत दुखापतच शोधतो. ही भीती अनाठायी नसते. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सनी चार वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेल्या एरन रॉजर्सला आणले, सारा उन्हाळा त्याच्याच नावाने गाजला, आणि पहिल्या सामन्यातल्या त्याच्या चौथ्याच खेळीला त्याची टाचेची शीर तुटली. डेट्रॉइटवर ही पाळी १३ ऑक्टोबर २०२४ ला आली, हचिन्सनच्या पायाची दोन्ही हाडे मोडली. त्याच्यापाठोपाठ बचाव फळीतले खेळाडू एकेक करून जायबंदी होत गेले, तरी संघाने १५ सामने जिंकले आणि फक्त दोन गमावले.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टचा सोहळा डेट्रॉइटमध्येच भरला होता आणि तीन दिवसांत साडेसात लाखांहून अधिक लोकांनी शहराच्या मध्यभागी गर्दी केली होती. तिथल्या मंचावरून दुसऱ्या क्रमांकाला वॉशिंग्टन कमांडर्सनी जेडन डॅनियल्स या क्वार्टरबॅकचे नाव घेतले. वॉशिंग्टनने आदल्या हंगामात चारच सामने जिंकले होते, म्हणून तर ती पाळी त्यांना मिळाली. डॅनियल्सच्या पहिल्या वर्षात त्यांचे विजय चारावरून बारावर गेले आणि १८ जानेवारी २०२५ रोजी ते फोर्ड फील्डवर आले. लायन्सनी पाच वेळा चेंडू गमावला आणि सामना ४५–३१ असा हातचा गेला. बेल यांच्या यंत्राने १९३६ पासून जे करायचे ते याही वेळी केले होते, फक्त आता डेट्रॉइट त्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते.

यशाचा आणखी एक दंड असतो, तो म्हणजे माणसे पळवली जाणे. आक्रमणाची आखणी करणारा बेन जॉन्सन शिकागो बेअर्सचा आणि बचावाची आखणी करणारा एरन ग्लेन जेट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्यातही शिकागो त्याच डिव्हिजनमधले, वर्षातून दोनदा भेटणारे, आणि २०२४ मध्ये पाच विजयांसह तळाला राहिलेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटमध्ये चर्चा होती ती जॉन्सनशिवाय आक्रमण लंगडे पडेल का याची. पहिल्या आठवड्यात ग्रीन बेमध्ये २७–१३ असा पराभव झाला आणि ज्यांना भीती वाटत होती त्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या आठवड्यात लायन्सनी घरच्या मैदानावर जॉन्सनच्या बेअर्सना ५२–२१ असे धुऊन काढले, तेव्हा ती भीती हास्यास्पद वाटू लागली. जानेवारी उजाडला तेव्हा डिव्हिजन शिकागोने जिंकली होती आणि लायन्स प्लेऑफच्या बाहेर होते.